सायकलला दोन कुलुपे, मग टपालपेटीला एकच का?

गेल्या सप्टेंबरमधल्या एका शनिवारची गोष्ट. वर्ग सुरू व्हायला अजून तासभर होता, तेवढ्यात एका पालकांचा फोन आला. "ताई, यंदा फी वेगळ्या खात्यात भरायची आहे का? तुमची ई-मेल आली आहे, पण मराठी काही तुमचं वाटत नाही." आम्ही तर कोणालाच ई-मेल पाठवली नव्हती. घाईघाईने संगणक उघडून पाहतो तो काय, आपल्या वर्गाच्या सामायिक टपालपेटीतून, म्हणजे अगदी खऱ्या पत्त्यावरून, सगळ्या घरांना पत्र गेलेले! "प्रिय पालक, तुम्ही शुल्क नवीन खाते मध्ये त्वरित करा." दोन घरांनी पैसे भरूनही टाकले होते. एकांचे बँकेने वेळीच अडवले. दुसऱ्यांचे गेले ते गेलेच. (त्यांच्याकडून फी पुन्हा घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले.)

मराठीच्या चुकांनी बाकीच्यांना वाचवले, ही गोष्ट मराठीच्या वर्गाला सुखावणारी खरी. पण तिच्यावर विसंबून चालणार नाही. हल्ली यंत्रे बरी मराठी लिहितात. पुढचा चोर विभक्तीचे प्रत्यय नीट लावूनच येईल.

हा चोर आत शिरला कसा, ते शोधल्यावर आमचीच मान खाली गेली. टपालपेटीचा परवलीचा शब्द सात वर्षे बदललेला नव्हता, आणि तोच शब्द आमच्यापैकी एकाने पूर्वी एका खरेदीच्या दुकानातही वापरला होता. त्या दुकानाची यादी केव्हातरी फुटली. चोराने दुकानाची किल्ली आणून आपल्या दाराला लावून पाहिली, आणि ती लागली. त्या दिवसापासून पालक आम्हाला विचारत आहेत, की ती दुसरी पडताळणी, तो फोनवर येणारा आकडा, ते सगळे खरोखर लागते का? लोक ती कटकट का मागे लावून घेतात? म्हणून हा लेख. मोठ्यांसाठी आहेच, पण मुलांनो, तुम्ही आधी वाचा, कारण घरात फोन तुम्हालाच जास्त कळतो.

आधी 'परवलीचा शब्द' म्हणजे काय ते पाहू. हा शब्द संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. रात्री छावणीत किंवा किल्ल्याच्या दारावर पहारेकरी अंधारातून येणाऱ्याला हटकत असे. येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगितला तर तो आपला, नाही तर परका. चेहरा दिसत नसताना माणूस ओळखण्याची ही युक्ती. पण पहारेकऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शब्द कोणीही चोरून ऐकू शकतो. म्हणून तो शब्द वारंवार बदलत. आपण मात्र तोच शब्द वर्षानुवर्षे ठेवतो, दहा दारांना लावतो, आणि त्यात आपल्या मांजराचे नाव घालतो.

संगणकावर परवलीचा शब्द आला तो १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांदो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी तिथे एक मोठा संगणक अनेकांना वाटून देत होते. प्रत्येकाला ठराविक वेळ आणि प्रत्येकाला आपला शब्द. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चार तास मिळत, आणि ते त्यांना पुरत नसत. १९६२ साली त्यांनी काय केले असेल? सगळ्यांच्या शब्दांची यादी असलेली फाइल छापून मिळावी अशी रीतसर मागणी यंत्राकडे नोंदवली, आणि यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली! मग काय, दुसऱ्यांच्या नावावर हवे तेवढे काम. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सुमारे पंचवीस वर्षांनी कबूल केली. म्हणजे संगणकाच्या परवलीच्या शब्दाची चोरी जवळजवळ त्या शब्दाइतकीच जुनी आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा मुद्दा तिच्यातच आहे. तुमची सायकल चोरीला गेली तर तुम्हाला कळते. एडे-वाखनिंगन स्थानकावरच्या सायकलतळावर येऊन पाहावे तर जागा रिकामी! पण परवलीचा शब्द चोरीला गेला तर जागा रिकामी होत नाही. तो तुमच्याकडेही असतो आणि चोराकडेही असतो. आपला शब्द चोराच्या हाती किती दिवस होता, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही.

म्हणून दुसरे कुलूप असे हवे, की जे चोरले तर लगेच कळेल. वाखनिंगनमधल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. मागच्या चाकाचे गोल कुलूप आणि वर साखळी, अशी दोन कुलुपे लावल्याशिवाय तुमचे आईबाबा सायकल बाहेर उभी करू देत नाहीत. मात्र दोन्ही कुलुपे एकाच जातीची असून चालत नाही. एकाच हत्याराने दोन्ही तुटली तर दुसऱ्याचा उपयोग काय? ऑनलाइन खात्याचेही तसेच आहे. दोन परवलीचे शब्द ठेवले तर चोर दोन्ही एकदम चोरतो. म्हणून एक गोष्ट मनात ठाऊक असलेली आणि दुसरी हातात असलेली, उदाहरणार्थ आपला फोन. तिसरा प्रकार अंगच्या गोष्टींचा: बोटाचा ठसा, चेहरा.

भारतात आजीबरोबर बँकेच्या लॉकरपाशी गेला असाल तर हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे एक किल्ली आजीची आणि एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. आजीच्या पिशवीतली किल्ली मारली तरी चोर तिजोरीच्या खोलीत अडतो.

आता एक खरी घटना, आपल्यापासून मोटारीने तासाभरावरची. आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात चौदा हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. ११ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी रात्री, तिथल्या संगणक विभागाच्या लक्षात आले की जाळ्यात कोणीतरी परका फिरतो आहे. आणखी नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी रातोरात सगळे जाळेच बंद केले. आठवडाभर वर्ग नाहीत, ई-मेल नाही, आणि परीक्षा एक आठवडा पुढे गेल्या. पुढे चौकशीचा अहवाल निघाला. चोर काही फार हुशारीने शिरले नव्हते. काही जणांचे परवलीचे शब्द आधीच फुटून चोरबाजारात विकले जात होते. घरून विद्यापीठाच्या जाळ्यात शिरण्याचे जे दार होते, त्याला दुसरी पडताळणी नव्हती. ती बसवायचे ठरले होते, पण बसवणे राहून गेले होते. आणि सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. शब्द फुटल्याचे विद्यापीठाला कळले होते आणि त्या लोकांना शब्द बदलायलाही सांगितले होते. पण यंत्रणेने त्यांना पुन्हा तोच जुना शब्द ठेवू दिला.

विद्यापीठाने नंतर हे सारे उघडपणे छापले, याबद्दल आम्हाला त्यांचे कौतुक वाटते. आम्ही चार माणसे साध्या टपालपेटीसाठी तसेच चुकलो होतो, आणि मनात पहिला विचार आला होता तो कोणाला न सांगण्याचा.

आता मुलांसाठी गंमत. फोनवरच्या त्या छोट्या ॲपमध्ये सहा आकडे दिसतात आणि दर तीस सेकंदांनी बदलतात. पुष्कळांना वाटते की ते आकडे गूगलकडून किंवा आकाशातून येतात. तसे नाही! फोन विमानात ठेवतात तसा बंद-जाळ्याच्या स्थितीत ठेवून पाहा. आकडे बदलतच राहतील. खंडाळ्याच्या बोगद्यात रेंज गेली तरी बदलतील. कसे? पहिल्या दिवशी तुम्ही पडद्यावरचा तो काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन फोनने टिपता. त्या चौकोनात एक लांबलचक गुप्त संख्या दडलेली असते. ती तुमच्या फोनकडे एक आणि खाते सांभाळणाऱ्या संगणकाकडे एक अशी राहते. मग दोघेही आपापल्या घड्याळात पाहतात, गुप्त संख्या आणि वेळ एकत्र करून एकच ठरलेले गणित करतात, आणि दोघांचे उत्तर सारखे येते. दोन मित्रांनी एकमेकांशी न बोलता एकाच वेळी एकच उत्तर काढावे, तसे. ही रीत २०११ साली सर्वांसाठी लिहून प्रसिद्ध झाली. सहा आकड्यांच्या दहा लाख जोड्या होतात, आणि चोराला अंदाज करायला अर्धा मिनिट आणि मोजकेच प्रयत्न मिळतात. फोनचे घड्याळ चुकले तर मात्र गणितही चुकते. तेव्हा आकडा चालेनासा झाला तर आधी घड्याळ पाहावे.

छावणीतला बदलता शब्द आठवला ना? पहारेकऱ्यांची तीच जुनी युक्ती आहे. फक्त इथे शब्द रोज नव्हे, तर दर अर्ध्या मिनिटाला बदलतो.

एवढे सोपे आणि बहुतेक ठिकाणी फुकट असूनही लोक ते लावत नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये गूगलच्याच एका अभियंत्याने सांगितले, की जीमेल वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी दुसरी पडताळणी सुरू केली आहे. सोय सात वर्षे उपलब्ध होती! मग लोक ती निवडतात तरी केव्हा? आम्ही आजूबाजूला विचारले. बहुतेकांनी एखादी चोरी झाल्यावर, स्वतःची नाही तर मेव्हण्याची. काहींनी नोकरीच्या ठिकाणी सक्ती झाली म्हणून. आणि आपल्या वर्गातल्या दोन मोठ्या मुलांनी चक्क नाचासाठी! २०१८ च्या ऑगस्टमध्ये फोर्टनाइट खेळाच्या कंपनीने जाहीर केले होते, की जो दुसरी पडताळणी लावील त्याच्या खेळाडूला 'बूगी डाउन' नावाचा नाच फुकट. बँकेच्या सूचनापत्रकांनी जे साधले नाही ते एका नाचाने साधले. आम्हाला हे कारण इतर कारणांपेक्षा कमी प्रतीचे वाटत नाही.

शेवटी गूगलनेही विचारणे सोडून दिले. २०२१ साली त्यांनी पंधरा कोटींहून अधिक खात्यांना ही सोय आपणहून लावून टाकली, आणि पुढच्या वर्षी सांगितले की त्या खात्यांतली घुसखोरी निम्म्याने घटली.

आता भारताकडे वळू, कारण आपल्या घरांतली खरी गुंतागुंत तिथे आहे. इथले शेजारी समजतात की असल्या गोष्टी युरोपात आधी आल्या. नेदरलँड्समधल्या बँका कार्ड खुपसायची छोटी यंत्रे आणि आकड्यांच्या कागदी याद्या पूर्वीपासून देत असत, हे खरे. पण इंटरनेटवर कार्डाने खरेदी करताना दुसरी पडताळणी हवीच, असा नियम भारताच्या रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लावला. युरोपातला तशा प्रकारचा नियम १४ सप्टेंबर २०१९ पासूनचा, आणि दुकानांना तर त्यानंतरही सवलत मिळाली. म्हणजे कोल्हापूरची आजी 'ओटीपी आला का गं?' म्हणू लागली, तेव्हा इथले पुष्कळ दुकानदार नुसत्या कार्डावरच्या आकड्यांवर समाधानी होते.

पण तो ओटीपी येतो भारतातल्या मोबाइल नंबरावर. आपल्यापैकी किती घरांत ते भारतातले सिमकार्ड जुन्या फोनमध्ये, स्वयंपाकघराच्या खणात पडून आहे? रिचार्ज करायचे राहते. फार काळ वापर नसला की नंबर बंद होतो, आणि काही काळाने तो दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचा आकडा लातूरच्या किंवा लुधियानाच्या एखाद्या भल्या माणसाच्या खिशात वाजू लागतो. भला असला तर ठीक! ज्यांची भारतात खाती आहेत त्यांनी नंबर जिवंत तरी ठेवावा, नाही तर बँकेत रीतसर बदलून घ्यावा. आजोबांच्या खात्याला तुमचा बंद पडलेला नंबर जोडलेला नाही ना, हेही विचारून घ्यावे. आमच्या एका घरी तो तसा निघाला.

आणि आजीला फोन करून कोणी 'बँकेतून बोलतोय, आलेला आकडा सांगा' म्हणाले, तर कितीही कुलुपे असली तरी काही उपयोग नाही, कारण आजीच दार उघडून देते. तिथे नातवंडांचे काम आहे. रविवारच्या फोनवर आजीला सांगा, की आकडा नातवालासुद्धा सांगायचा नाही. तसे काही झालेच, तर भारतात १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

दुसरे कुलूप किती पक्के, याचेही माप घेतले गेले आहे. २०१९ साली गूगलने न्यूयॉर्क विद्यापीठ आणि सॅन डिएगोचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या संशोधकांबरोबर अभ्यास केला. फोनवर संदेशाने आलेल्या आकड्याने यंत्रांचे आपोआप होणारे सगळे हल्ले अडले, सरसकट गळ टाकणाऱ्या खोट्या पत्रांचे ९६ टक्के अडले, पण एकाच माणसावर डोळा ठेवून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्केच. 'हे तुम्हीच का?' असे फोनच्या पडद्यावर विचारण्याच्या पद्धतीने शेवटचा आकडा ९० वर गेला. आणि संगणकाला खुपसायची छोटी किल्ली असते तिने त्या अभ्यासात सगळेच अडवले. हल्ली 'पासकी' म्हणतात तीही याच घराण्यातली. ती खरे दार आणि रंगवलेले खोटे दार यांतला फरक स्वतः ओळखते, आपल्यावर सोपवत नाही. आम्हाला विचाराल तर संदेशाचा आकडा हा काहीच नसण्यापेक्षा फार बरा, ॲपमधला त्याहून बरा, आणि ज्याला जमेल त्याने पासकी घ्यावी.

इथल्या डिजीडीचे उदाहरण पालकांना पटते. कर, आरोग्यविमा, नगरपालिका, सगळीकडे जाण्याचे हे एकच दार. ते मिळवताना सुरुवातीचा कोड साध्या टपालाने, कागदी पत्रातून, तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर येतो. इतक्या आधुनिक देशात पोस्टमन कशाला, असे आम्हालाही वाटले होते. पण घरचा पत्ता हीसुद्धा 'हातात असलेली' गोष्टच आहे. दूरच्या देशातला चोर तुमच्या दाराच्या फटीतून पत्र कसे काढणार?

वर्गाच्या टपालपेटीचे काय केले तेही सांगतो, कारण सामायिक खाती पुष्कळांकडे आहेत. पेटी आम्ही चौघे वापरतो. पहिला आक्षेप हाच आला: आकडा कोणाच्या फोनवर येणार? रोज त्या एकालाच फोन करायचा का? उत्तर सोपे निघाले. तो ठिपक्यांचा चौकोन एकाच बैठकीत चौघांनीही आपापल्या फोनने टिपला. गुप्त संख्या चारही फोनमध्ये गेली आणि चौघांच्या पडद्यावर तेच आकडे दिसू लागले. चौघांतला एखादा काम सोडून गेला, तर नवा चौकोन काढून उरलेल्यांनी पुन्हा टिपायचा. दुसरा आक्षेप एका काकांचा, आणि तो रास्त होता: "फोन हरवला तर? आपल्याच घराबाहेर आपण!" त्यासाठी दहा राखीव कोड मिळतात, प्रत्येक आठ आकड्यांचा आणि एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून पाकिटात घालून ठेवले आहेत. कुठे, ते या अंकात छापत नाही.

येत्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही अर्धा तास थांबणार आहोत. ज्यांना आपल्या ई-मेलला दुसरे कुलूप लावायचे आहे त्यांनी फोन चार्ज करून, भारतातले सिम असेल तर तेही घेऊन यावे. आधी ई-मेलचेच करू, कारण बाकी साऱ्या खात्यांचे 'शब्द विसरलो' हे पत्र तिथेच येते. एक वही आणि पेन आणावे. राखीव कोड हातानेच लिहायचे आहेत. त्यासाठी या अंकाचे झेरॉक्स यंत्र मिळणार नाही. मुलांनी आकडे देवनागरीत लिहून दिले तरी चालेल.

— संपादक मंडळ